सहा नंबरचं नाव

परवा नातवानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. म्हणाला, "आबा, हा बघा. स्पेनचा मिडफिल्डर. चौदा क्लब बदलले यानं. कुणी ठेवूनच घेतलं नाही बिचाऱ्याला." मी चष्मा लावून बघितलं. केस मागं हटलेले, दाढी वाढलेली, प्रत्येक फोटोत वेगळ्या रंगाचा शर्ट. चेहऱ्यावरचा भाव मात्र सगळीकडं एकच होता, की इथं जेवायला काय आहे बाबा? पोरगं हसत होतं आणि मला त्या माणसाची अशी काही माया आली की विचारू नका. म्हटलं, "अरे, चौदा क्लब म्हणजे चौदा वेळा कुणाला तरी त्याची गरज पडली की न्हाई? तुझ्या आबाला नऊच मिळाले." त्यावर नातू म्हणाला, "मग तुमचं नाव का नाही सापडत कुठं?" या पोरांना वाटतं, जे मोबाइलमध्ये न्हाई ते झालंच न्हाई. पण प्रश्न बराबर होता. माझं नाव कुठं सापडत न्हाई, कारण नऊ संघांकडून खेळलो तरी मी स्वतःच्या नावानं खेळलोच न्हाई. म्हणजे एकदाच, आणि तेही आठ-दहा सेकंद.

ते कसं, ते आधी सांगतो. त्या काळी आमच्या जिल्ह्यात दिवाळीनंतर फुटबॉलच्या स्पर्धा व्हायच्या. कापसाची पहिली वेचणी झालेली, गावं जरा मोकळी झालेली. नियम असा की प्रत्येक संघानं आपल्या गावातल्या किंवा मोहल्ल्यातल्या चौदा पोरांची यादी महिनाभर आधी द्यायची. यादीत नाव न्हाई त्याला मैदानात पाय ठेवायचा न्हाई. बाहेरचा खेळाडू सापडला की अख्खा संघ बाद. नियम कडक होता, पण यादीला फोटो लावायची पद्धत नव्हती. मंग व्हायचं काय, की ऐन सामन्याच्या आदल्या दिवशी कुणाचा पाय मुरगळायचा, कुणाला कावीळ व्हायची, कुणी मामाच्या लग्नाला निघून जायचा. अशा वेळी जालन्यात मस्तगडला आमच्या दारात सायकल येऊन थांबायची. "दत्ता हाय का?" दत्ता असायचाच. मी मधल्या फळीत खेळायचो. फार भारी खेळायचो असं न्हाई. भारी असतो तर कुणीतरी रीतसर यादीत घातलं असतं. पण मागून आलेला चेंडू पुढं द्यायचा आणि धापा टाकत परत मागं यायचं, हे काम मी दिवसभर करू शकायचो. सहा वर्षांत मी कैलास झालो, भीमा झालो, बाबासाहेब झालो, दोन वेळा अन्वर झालो. गोल मात्र एकही केला न्हाई.

मोबदला म्हणजे येण्या-जाण्याची सोय आणि पोटभर जेवण. म्हणून मला संघ आठवतात ते जेवणावरून. एका संघाकडं हुलग्याची शेंगोळी असायची, लसणाची फोडणी घातलेली. ती खाऊन दुसऱ्या हाफला पळणं म्हणजे शिक्षाच. एका ठिकाणी ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत, पण भाकरी मोजून दोन. सगळ्यांत वरचा नंबर बहार इलेव्हनचा. त्यांचा कप्तान रफिकभाई, पंक्चरचं दुकान चालवायचा. त्याच्या घरून तहरीचं, म्हणजे पिवळ्या मसालेभाताचं, पातेलं यायचं, सोबत डाळ-दुधीचा दालचा. मी त्या तहरीसाठी कुठल्याही नावानं खेळायला तयार होतो. आमच्या आईला याचा फार राग. "घरची आमटी गोड लागत न्हाई आन् गावभर पंगती झोडून राह्यला," असं म्हणायची. पण पेपरात सामन्याची चार ओळींची बातमी आली की तीच कात्रीनं कापून बिस्किटाच्या डब्यात ठेवायची. तिला वाचता यायचं बेताचं. कुणी पाव्हणं आलं की डबा उघडून दाखवायची, "ह्यो भीमा म्हणजे आमचा दत्ताच बरं का. आन् ह्यो अन्वर, ह्यो बी आमचाच." पाव्हणे चहा पिता पिता थांबायचे.

आता आप्पांचं सांगतो, कारण खरी अडचण तिथं होती. माझे वडील नारायणराव टेकाळे, यांचं लाऊडस्पीकरचं दुकान. चार भोंगे, एक अँप्लिफायर, दोन माइक. नुसतं भाड्यानं देणं न्हाई, आप्पा स्वतः बोलायचे. लग्नात, जत्रेत, कुस्तीच्या फडात, सभेत. आवाज असा खणखणीत की अर्धा बाजार ओलांडून जायचा. घरात मात्र हळू बोलायचे, आम्हाला दोनदा विचारावं लागायचं. आणि त्यांचा एक हट्ट होता: माइकवर खोटं बोलायचं न्हाई. एकदा जत्रेत कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी पुकारलं होतं की हरवलेला पोरगा सापडला, आईनं येऊन घेऊन जावं. बाई पळत आली. पोरगा दुसऱ्याचाच होता. तिचा खरा पोरगा तासाभरानं सापडला, खेळण्यांच्या दुकानामागं झोपलेला, पण त्या बाईचा तो चेहरा आप्पांच्या डोळ्यांपुढून कधी हटला न्हाई. तेव्हापासून म्हणायचे, "भोंग्यातनं गेलेलं परत भोंग्यात घालता येत न्हाई." एका पुढाऱ्यानं सांगितलं, हजारोंचा जनसमुदाय लोटला आहे असं म्हणा. आप्पांनी एकवार मैदानावर नजर फिरवली आणि म्हणाले, "सव्वाशे मंडळी आलेली आहेत, अजून येत आहेत." त्या पुढाऱ्याचं काम पुन्हा कधी आलं न्हाई.

असा माणूस फुटबॉलच्या सगळ्या स्पर्धांना माइकवर. आणि मैदानात त्यांचाच पोरगा, कधी कैलास, कधी अन्वर. आप्पांनी मला बोलून कधी अडवलं न्हाई. त्यांनी त्यांचा मार्ग काढला. बाकीच्या एकवीस जणांची नावं ते घ्यायचे, कौतुक करायचे, "वा, काय पास दिला सुभाषनं!" माझी पाळी आली की नुसतं, "सहा नंबर." किंवा ज्या दिवशी जो शर्ट असेल तो. सहा वर्षं मी आप्पांच्या तोंडून आकडे ऐकले. एकदा मी म्हणालो, "आप्पा, कुणाचं तरी नाव घ्या की. लोकांना वाटतं सहा नंबरवर तुमचा राग आहे." तर म्हणाले, "तुझ्या नावानं खेळ, मंग दिवसभर ओरडतो." मी हसण्यावारी नेलं, पण खरं सांगतो, आतून फार लागायचं. लोकांच्या पोरांची नावं आपला बाप चार भोंग्यांतून उधळून राह्यला आणि आपण आकडा! एकदा तरी त्या आवाजात आपलं नाव ऐकावं, एवढी एकच इच्छा होती.

तर त्या वर्षी माझ्या लग्नाचं बघणं सुरू झालं होतं. आत्यानं अंबडचं एक स्थळ आणलं. मुलीचे वडील किसनराव, जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. आत्यानं त्यांना सांगून ठेवलं की मुलगा दुकानात बापाला हातभार लावतो आणि फुटबॉलमध्ये त्याचं मोठं नाव आहे. नाव! आत्या आमच्या बिस्किटाच्या डब्याच्या भरवशावर बोलली होती. किसनराव म्हणाले, "मी आधी मुलाला बिनबोभाट बघून घेतो." आमच्याकडं ही रीतच आहे, पाव्हणा गुपचूप येतो, मुलगा पानाच्या ठेल्यावर असतो का, कुणाशी कसा बोलतो, ते बघून जातो. आणि पाव्हणा गुपचूप येणार आहे, हे मुलाकडच्यांना कुणीतरी आधी कळवतं, हीसुद्धा रीतच. किसनराव कुंभार पिंपळगावला स्पर्धेच्या फायनलला येणार, डोक्याला पांढरी टोपी आणि काखेत छत्री असेल, असा निरोप आत्याकडून बराबर आला. आईनं मला चार दिवस आधीपासून दूध प्यायला लावलं.

फायनलला बहार इलेव्हन होतं. आणि आदल्या दिवशी त्यांच्या सलीमचा पाय सुजला. रफिकभाई आमच्या दारात. मी हात जोडले, "रफिकभाई, उद्या जमणार न्हाई. उद्या मला बघायला जनावरांच्या दवाखान्यातले पाव्हणे येऊन राह्यले, माझं नाव ऐकायला." रफिकभाई म्हणाला, "अरे मियाँ, नाम में क्या है, टांगा देखेंगे ना वो? जनावरां के दवाखाने का आदमी है, टांगा ही देखेगा! आन् अम्मी तहरी बना री." आता मी नको म्हणणारच होतो. पण मैदानात उतरलोच न्हाई, तर पाव्हणा बघणार काय? उतरलो तर सलीम म्हणून उतरावं लागणार. म्हटलं, खेळ तरी बघू दे. नावाचं नंतर समजावून सांगू. आप्पा कोपऱ्यात माइकची वायर गुंडाळत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि वायर उलटी गुंडाळत गेले.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला लाकडी टेबल, टेबलावर माइक, माइकपाशी आप्पा. आणि किसनराव, पांढरी टोपी, काखेत छत्री, नेमके येऊन टेबलाच्या बाजूलाच उभे राहिले. आप्पांनी ओळखलं. त्यांनीही आप्पांना ओळखलं, कारण लाऊडस्पीकरवाले टेकाळे कोण ते न कळायला काय झालं, भोंग्यांवरच नाव रंगवलेलं. पण बिनबोभाट म्हणजे बिनबोभाट. आप्पा म्हणाले, "बसा पाव्हणं, उन्हाचं उभं नका राहू." किसनराव म्हणाले, "असंच चाललो होतो, म्हटलं बघावं." अंबडचा माणूस असंच चालत कुंभार पिंपळगावला येतो होय? पण दोघं शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसले आणि अनोळखी माणसासारखे मैदानाकडं बघत राहिले. खरा सलीम समोरच्या बाजूला डोक्यावरून टॉवेल घेऊन बसला होता, कुणी ओळखू नये म्हणून. दोनदा तर त्यानं "शाबास सलीम!" म्हणून स्वतःलाच शाबासकी दिली.

सामना सुरू झाला. आप्पा नावं घेऊ लागले आणि किसनराव कान देऊन ऐकू लागले. रफिक, सुभाष, इम्रान, राजू... दत्ताचा पत्ता न्हाई. मी मात्र त्या दिवशी जीव काढून खेळत होतो. आयुष्यात एवढा पळालो नसेन. हाफ टाइमला किसनरावांना राहवेना. त्यांनी आभाळाकडं बघत विचारलं, "लाऊडस्पीकरवाल्यांचा मुलगा बी खेळतो म्हणं चांगला?" आप्पा तांब्याभर पाणी प्यायले. मंग म्हणाले, "खेळतो." "आज न्हाई का?" आप्पांनी अजून एक तांब्या पाणी घेतलं. किसनराव स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तो सहा नंबर मात्र गुणाचा आहे. पायात दोष न्हाई, छाती रुंद, दम चांगला. असं पोरगं बघायला पाहिजे." हे मला नंतर आप्पांनी सांगितलं. तेव्हा मी लांब उभा राहून नुसतं बघत होतो की पाव्हणा मान का हलवून राह्यला.

सामना बरोबरीत. शेवटची आठ मिनिटं राहिली असतील. आम्हाला कॉर्नर मिळाला. मी गोलच्या तोंडाशी उभा होतो, पण लक्ष कुठं? टेबलाकडं. किसनराव उठून उभे राहिलेले दिसले. मला वाटलं, चालले! माझं नाव न्हाई ऐकलं म्हणून पाव्हणे चालले. मी मान वळवून तिकडं बघतोय, तेवढ्यात सुभाषचा कॉर्नर येऊन फाडकन माझ्या मानगुटीवर बसला. डोळ्यांपुढं काजवे चमकले. शुद्धीवर आलो तर अंगावर चार जण, रफिकभाई माझे गाल ओढतोय, "क्या हेडर मारा रे सलीम!" चेंडू जाळीत. सहा वर्षांतला पहिला गोल, आणि तो मी पाहिलासुद्धा न्हाई.

किसनराव चालले नव्हते. ते माइकपाशी आले होते. आमच्याकडं चालू सामन्यात लोक उठून बक्षीस जाहीर करतात, आनंद झाला की. किसनरावांनी आप्पांच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, "सहा नंबरला अंबडच्या किसनरावकडून टॉवेल, टोपी, नारळाचा आहेर!" टाळ्या पडल्या. मंग त्यांनी माइक आप्पांपुढं धरला. "नाव सांगा पोराचं. बिननावाचा आहेर देत नसतेत."

मैदान शांत झालं. बाहेरून बघणाऱ्या गावाला वाटलं असेल, लोक नाव ऐकायला थांबलेत. पण बहार इलेव्हनची सगळी पोरं जागच्या जागी थिजली. रफिकभाईनं मैदानातूनच हात जोडले. आप्पांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा किसनरावांकडं. मंग माझ्याकडं पाहिलं. माइकमधून नुसती घरघर येत होती. आता हे काय सांगणार? सलीम म्हणाले तर कप आमचा, पण पाव्हण्यांच्या लेखी दत्ता टेकाळे थापाड्या, मैदानावर आलाच न्हाई. दत्ता म्हणाले तर संघ बाद. मला वाटलं, आप्पा पुन्हा सहा नंबरच म्हणतील.

आप्पांनी घसा साफ केला. "सहा नंबर," ते म्हणाले आणि थांबले. "दत्तात्रय नारायण टेकाळे. राहणार मस्तगड, जालना." चार भोंग्यांतून चार दिशांना गेलं. मंग माइक अजून तोंडापुढंच आहे हे विसरून जरा हळू म्हणाले, "माझा मुलगा."

खोटं कशाला बोलू, मला कप आठवला न्हाई, पाव्हणे आठवले न्हाईत. मी मधोमध उभा होतो, मानगूट ठणकत होती आणि अंगावर सरसरून काटा आला होता. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं न्हाई. मंग रेफरी यादी घेऊन धावत आला, समोरच्या संघानं आरडाओरडा केला, टॉवेल फेकून खरा सलीम लंगडत पुढं आला आणि "मैं हूँ सलीम, मैं हूँ!" असं म्हणून त्यानं उरलीसुरली शंकासुद्धा मिटवली. बहार इलेव्हन बाद. कप समोरच्यांना. रफिकभाई टेबलापाशी येऊन रडवेला होऊन म्हणाला, "चाचा, आठ मिनट रुकते तो क्या बिगड़ता?" आप्पा खाली मान घालून म्हणाले, "त्यांनी नाव विचारलं ना, बाबा." या गडबडीत किसनराव कधी निघून गेले, कुणी पाहिलं न्हाई. मला त्या दिवशी तहरी मिळाली न्हाई, हे सांगायला नकोच.

परतीच्या टेम्पोत भोंग्यांच्या मध्ये आम्ही दोघं बसलो होतो. मी म्हणालो, "आप्पा, कप गेला." "गेला." "आता मला कुणी खेळायला बोलवायचं न्हाई." "न्हाई बोलवायचं." मंग आप्पा हळूच म्हणाले, "सहा वर्षं आकडे म्हणून राह्यलो, दत्त्या. लय जड जायचं रे." मी भोंग्याआड तोंड करून बसलो, कारण मला रडू आलं होतं. घरी गेल्यावर आई दारातच होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वा! बापलेक मिळून एका दिवसात कप घालवला, सोयरीक घालवली, अजून काही राहिलं असंल तर उद्या घालवा." तिनं त्या संध्याकाळी लग्नकार्यातली येसराची आमटी केली होती, पाव्हण्यांची बातमी चांगली येईल म्हणून. ती आम्ही तिघांनी मुकाट्यानं खाल्ली.

सकाळी घरापुढचं दुकान उघडलं आणि पहिल्याच एसटीनं किसनराव आले. काखेत छत्री, हातात टॉवेल, टोपी, नारळ. आप्पा उठून उभे राहिले. आईनं लगबगीनं आतून चहा टाकल्याचा आवाज केला. किसनराव बसले आणि म्हणाले, "गोल रद्द झाला, ते झालं. मी भर मैदानात बोललेला आहेर रद्द न्हाई झाला." तो त्यांनी माझ्या हातात दिला. मंग आप्पांकडं वळले. "नारायणराव, स्पष्ट बोलतो. पोरगा दुसऱ्याच्या नावानं खेळतो, हे मला बिलकुल आवडलं न्हाई. काल मी रागानं निघून गेल्तो. रात्री मुलीला सांगितलं, स्थळ कामातून गेलं. तर तीच म्हणली, आण्णा, ज्या घरात नाव विचारलं की खरं सांगतेत, तिथं मला चालंल. पोराचं काय, पोरगं सुधारता येतं." मी टॉवेल धरून उभा होतो. कान तापले होते.

किसनराव माझ्याकडं बघून गंभीरपणे म्हणाले, "बसा." मुलीला समोर बसवतात आणि पहिला प्रश्न विचारतात, तो सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तोच त्यांनी मला विचारला. "नाव काय तुमचं?" सवयीनं मी आप्पांकडं बघितलं. आप्पा म्हणाले, "माझ्याकडं काय बघतो? सांग की." मी नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. आवाज जरा मोठाच लागला असणार, कारण समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं आणि आतून आई म्हणाली, "हळू. माइक न्हाई हितं."

किसनराव पहिल्यांदा हसले. म्हणाले, "मंग नारायणराव, मुलगी बघायला कधी येताय?" आप्पांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. ज्या माणसाचा आवाज अर्धा बाजार ओलांडून जायचा, त्याला एक शब्द बोलता येईना. डोळे भरून आले होते आणि हात गळ्यातल्या उपरण्याशी उगाच खेळत होते. शेवटी आईच चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "गुरुवारी."